सहकारी बँकेचे ठेवीदार आणि माझा एमबीएचा प्रबंध

एमबीएच्या शेवटच्या सेमिस्टरला प्रबंध असतो आणि बहुतेक जण तो उरकतात. उरकायची रीतही ठरून गेली आहे. मागच्या बॅचमधल्या कुणाची तरी फाईल मिळवायची, कंपनीचं नाव बदलायचं, गुगल फॉर्म मित्रांच्या ग्रुपवर फिरवायचा आणि शेवटच्या प्रकरणात सगळी गृहीतकं सिद्ध झाली असं लिहून टाकायचं. मी बडोद्यात नोकरी सांभाळून फायनान्समध्ये एमबीए केलं. माझ्या प्रबंधातलं मुख्य गृहीतक सिद्ध झालं नाही. तसं स्वच्छ लिहून मी तो सादर केला आणि तो मान्य झाला. नंतरच्या बॅचची मुलं अजूनही फोन करतात, ‘ताई, रिझल्ट सिग्निफिकंट येत नाहीये, काय करू?’ म्हणून विचारतात. (सिग्निफिकंट म्हणजे नुसता योगायोग म्हणून सोडून देता येणार नाही असा.) त्यांना फोनवर तुकड्यातुकड्यांनी जे सांगते, तेच इथे सलग लिहिते आहे.

विषयासाठी मी लांब गेले नाही. बडोदं आणि सहकार यांचं नातं जुनं आहे. विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाऊसाहेब कवठेकरांच्या पुढाकाराने १८८९ साली इथे ‘अन्योन्य सहकारी मंडळी’ सुरू झाली. नागरी सहकारी बँकांचा इतिहास सांगताना देशातली पहिली परस्पर साहाय्य करणारी पतसंस्था म्हणून तिचंच नाव घेतलं जातं. सहकारी पतसंस्थांचा कायदा आला १९०४ मध्ये, म्हणजे त्यानंतर पंधरा वर्षांनी. सयाजीराव महाराजांची बँक ऑफ बडोदासुद्धा १९०८ ची. माझ्या ओळखीच्या दांडिया बाजार, नवापुरा भागातल्या मराठी घरांमध्ये आजही पगार किंवा पेन्शन सरकारी बँकेत आणि ठेव सहकारी बँकेत, अशी वाटणी दिसते. त्याच घरांमध्ये २००१ ची आठवणही आहे. त्या वर्षी अहमदाबादची माधवपुरा मर्कंटाईल बँक अडचणीत आली आणि गुजरातच्या सहकारी बँकिंगला मोठा हादरा बसला. मग सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबईच्या पीएमसी बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, आणि सुरुवातीला खातेदारांना खात्यातून फक्त १,००० रुपये काढायची मुभा होती. ती बातमी आमच्याकडेही दिवाणखान्यात बसून सगळ्यांनी पाहिली. दुसऱ्या दिवशी आई आपल्या सहकारी बँकेत गेली आणि नेहमीप्रमाणे आरडीचा हप्ता भरून आली. हे मला समजून घ्यायचं होतं.

माझ्या गाईड मॅडमनी पहिल्या भेटीतच सिनॉप्सिस, म्हणजे प्रबंधाचा आराखडा, बाजूला ठेवला. म्हणाल्या, ‘लोक ठेव का ठेवतात, हा प्रश्न पीएचडीलाही पुरून उरेल. तुझ्याकडे एक सेमिस्टर आहे. मोजता येईल अशा दोन गोष्टी सांग.’ त्यांच्याकडून परत आल्यावर मी ठेव विम्याचं वाचन सुरू केलं आणि तिथे मला त्या दोन गोष्टी सापडल्या.

ठेव विमा म्हणजे काय, हे थोडं सविस्तर सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. बँक बुडाली तर ठेवीदाराला ठरावीक रकमेपर्यंत पैसे परत मिळण्याची ही कायदेशीर सोय आहे. ती डीआयसीजीसी, म्हणजे ठेव विमा आणि पत हमी महामंडळ पाहतं. हे महामंडळ पूर्णपणे रिझर्व्ह बँकेच्या मालकीचं आहे. १९६२ मध्ये योजना सुरू झाली तेव्हा मर्यादा १,५०० रुपये होती. १९९३ पासून ती १ लाख झाली आणि जवळपास सत्तावीस वर्षं तिथेच थांबली. ४ फेब्रुवारी २०२० पासून ती ५ लाख आहे. ही मर्यादा मुद्दल आणि व्याज मिळून असते. एकाच बँकेच्या वेगवेगळ्या शाखांमधल्या ठेवी एकत्र धरल्या जातात, वेगवेगळ्या बँकांमधल्या मात्र वेगळ्या. विम्याचा हप्ता बँक भरते, ठेवीदाराकडून तो घेता येत नाही. २०२१ च्या दुरुस्तीनंतर बँकेवर निर्बंध येऊन पैसे अडकले, तर विम्याची रक्कम ९० दिवसांच्या आत मिळायची तरतूद झाली. त्याआधी बँकेचा परवाना रद्द होऊन ती अवसायनात (म्हणजे कायमची बंद होऊन हिशेब मिटवायला) निघेपर्यंत थांबावं लागायचं आणि त्यात वर्षं जायची.

आता माझा प्रश्न असा ठरला: ठेवीदाराला या विम्याची कितपत माहिती आहे, आणि त्याच्या एकूण बचतीचा किती हिस्सा सहकारी बँकेत आहे, या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे का? शून्य गृहीतक, संबंध नाही. पर्यायी गृहीतक, संबंध आहे. माझी स्वतःची खात्री होती की संबंध निघणारच. ज्याला विमा माहीत आहे तो निर्धास्तपणे जास्त पैसे ठेवेल, असं मला वाटत होतं. मॅडमनी तेव्हाच एक वाक्य टाकलं होतं, ‘ज्याला मर्यादा माहीत आहे तो पैसे वाटूनही ठेवेल ना?’ ते मी वहीत उतरवून ठेवलं.

संदर्भ वाचनाचं प्रकरण लिहिताना मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीचा फार आधार झाला. १९१० मध्ये सयाजीरावांनी अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बोलावून उभी केलेली ही लायब्ररी, आणि तिच्या आतल्या पुस्तकांच्या मजल्यांना उजेड झिरपावा म्हणून काचेच्या लाद्या आहेत. सहकारी चळवळीवरची जुनी पुस्तकं तिथे बसून वाचली. बाकीचं घरून. इतर विद्यापीठांतले पीएचडी प्रबंध शोधगंगा या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात, आणि नागरी सहकारी बँकांची ताजी आकडेवारी रिझर्व्ह बँकेच्या वार्षिक ‘ट्रेंड अँड प्रोग्रेस’ अहवालात मिळते. तो अहवाल सहसा डिसेंबर अखेरीला येतो, त्यामुळे जानेवारीत लिहायला बसणाऱ्याला नवा आकडा हाताशी असतो. संदर्भ पहिल्या दिवसापासून झोटेरोत, म्हणजे संदर्भ साठवून त्यांची सूची करून देणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, टाकत गेले. शेवटच्या आठवड्यात संदर्भसूची हाताने टाइप करत रात्र काढणाऱ्यांना पाहिलं की हे सांगावंसं वाटतं.

खरा कस लागला तो फॉर्म भरून घेताना.

नमुन्याचा आकडा, म्हणजे किती जणांना विचारायचं ते, ठरवताना सगळे कॉक्रनचं सूत्र लावतात. ९५ टक्के विश्वासपातळी, ५ टक्के चूक, प्रमाण निम्मं धरलं की उत्तर ३८४ येतं. अर्ध्याअधिक प्रबंधांत तुम्हाला हाच आकडा दिसेल. पण हे सूत्र यादृच्छिक नमुन्यासाठी, म्हणजे पूर्ण यादीतून चिठ्ठ्या टाकल्यासारखी माणसं निवडली तर, आहे, आणि कुठलीही बँक तिच्या ठेवीदारांची यादी विद्यार्थिनीच्या हातात देणार नाही, देऊही नये. मॅडम म्हणाल्या, ‘जेवढे प्रामाणिकपणे भरून आणता येतील तेवढे आण आणि सोयीचा नमुना आहे असं साफ लिही. ३८४ लिहून त्याला शास्त्राचा मुलामा देऊ नकोस.’ आम्ही त्याहून लहान आकडा धरला आणि पद्धतीच्या प्रकरणात त्याचं कारण दिलं.

मग परवानग्या. विभागाच्या लेटरहेडवर पत्र घेऊन शाखाशाखांतून फिरले. काही मॅनेजरांनी चहा पाजून नकार दिला. एका बँकेत पत्र ‘वर पाठवतो’ म्हणून घेतलं आणि ते वरच राहिलं. नकारामागची भीती मला नंतर समजली. सहकारी बँकेच्या दारात कुणी हातात फॉर्म घेऊन ‘तुमचा या बँकेवर विश्वास आहे का?’ असं विचारू लागलं, तर दुपारपर्यंत गल्लीत काय पसरेल याचा नेम नाही. म्हणून मी फॉर्मचं शीर्षक बदलून ‘बचत आणि ठेव विमा: विद्यार्थी सर्वेक्षण’ केलं, बँकेचं नाव कुठेच ठेवलं नाही, आणि शाखेच्या आत न बसता बाहेर बसायची तयारी दाखवली. त्यानंतर होकार येऊ लागले. माझ्या नोकरीला रविवारची सुट्टी, शनिवारी अर्धा दिवस. आणि २०१५ पासून बँका दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बंद असतात. म्हणजे शाखेबाहेरच्या कामाला महिन्यातले मोजकेच शनिवार. त्यात उत्तरायण, म्हणजे संक्रांतीचा पतंगांचा सण आला. त्या दोन दिवसांत बडोद्यात माणूस खाली सापडत नाही, सगळं शहर गच्चीवर. उरलेले फॉर्म मी घरोघरी, खंडेराव मार्केटात आणि संध्याकाळी सूरसागरच्या काठी बसणाऱ्या निवृत्त मंडळींकडून भरून घेतले.

प्रश्नावली गुजराती आणि मराठी अशा दोन्ही भाषांत होती, पाच पायऱ्यांच्या लिकर्ट मापावर (‘पूर्ण असहमत’ ते ‘पूर्ण सहमत’). आधी थोड्या लोकांवर पायलट केला. त्यात एक गोष्ट लक्षात आली. ‘ही बँक अडचणीत आल्यास मला पैसे परत मिळणार नाहीत’ अशा उलट्या वाक्याला वयस्क लोक थबकत. ‘असहमत’वर खूण करायची म्हणजे विश्वास आहे की नाही, हे त्यांना पुन्हा विचारावं लागे. पुस्तकं सांगतात की उलटी वाक्यं घालावीत, म्हणजे माणूस डोळे मिटून खुणा करत नाही. माझ्या उत्तर देणाऱ्यांसाठी मी ती काढली आणि तसं नोंदवलं. त्यानंतर क्रॉनबाख अल्फा, म्हणजे एका माणसाची उत्तरं एकमेकांशी किती जुळतात याचं माप, ०.७ च्या वर आला. तेवढा चालतो.

आता ज्या दोघांमुळे मला माझा प्रबंध कळला, त्यांच्याबद्दल.

पहिले एक काका. रेल्वेच्या वर्कशॉपातून निवृत्त, शाखेबाहेरच्या बाकावर बसलेले. मांडीवर प्लास्टिकची पिशवी, तिच्यात रबर लावलेलं पावत्यांचं पुडकं. त्यांनी आधी माझाच फॉर्म भरून घेतल्यासारखं विचारलं, ‘बँकेकडून आलीस की कॉलेजकडून? घर कुठे? वडील काय करतात?’ मग चष्मा पुसून एकेक वाक्य बोट ठेवून वाचलं. विम्याच्या प्रश्नाला त्यांनी खूण केली नाही, तोंडी उत्तर दिलं. ‘पाच लाख. मुद्दल आणि व्याज धरून, सगळ्या शाखांचं मिळून. माझ्या एकट्याचं वेगळं, माझं आणि हिचं जोडखातं वेगळं. नावांचा क्रम बदलला तर तेही वेगळं धरतात.’ जोडखात्याचा तो बारकावा मला वाचनात नुकताच सापडला होता आणि मी तो बरोबर समजले की नाही याची खात्री करत होते. पुढचा प्रश्न बचतीच्या हिश्श्याचा होता. त्यांनी ‘निम्म्याहून अधिक’वर खूण केली.

‘काका, मर्यादा इतकी नीट माहीत असून सगळं इथेच?’

‘निवृत्त झालो त्या वर्षी घराचं छप्पर बदलायचं होतं. मोठ्या बँकेत कर्ज मागायला गेलो, त्यांनी माझं वय विचारलं. इथे आलो, इथल्या साहेबांनी माझं खातं पाहिलं.’ पुडक्याला पुन्हा रबर लावत ते म्हणाले, ‘तो साहेब आता नाही. पण बँक तीच आहे.’

दुसरी खंडेराव मार्केटातली भाजीवाली. मेथी निवडत होती, हात ओले. म्हणाली, ‘बेन, तू वाच, मी सांगते.’ ठेव विमा हे तिने कधी ऐकलंही नव्हतं. मी प्रश्न दोनदा समजावून विचारला, तरी उत्तर नाहीच. बचत किती हिस्सा? सगळीच तिथे. विश्वासाच्या प्रत्येक वाक्याला ‘हो, पूर्ण’. मी विचारलं, कशावरून? तिने मान वळवून गल्लीच्या तोंडाकडे दाखवलं. रोजची बचत गोळा करणारा एजंट तिथून यायचा. ‘पावसात पण येतो. शहरात पाणी भरलं होतं तेव्हा दोन दिवस आला नाही, तिसऱ्या दिवशी आला आणि आधी विचारलं, घरात पाणी शिरलं का.’

काकांना नियम तोंडपाठ आणि तिला विम्याचं नावही माहीत नाही. दोघं माझ्या तक्त्यात जाणिवेच्या दोन टोकांना, आणि बचतीच्या एकाच रकान्यात. त्या संध्याकाळी घरी येऊन फॉर्म एक्सेलमध्ये भरताना मला अंदाज आला होता की आपलं गृहीतक धोक्यात आहे. अर्थात दोन माणसांवरून काही ठरत नाही. फॉर्म भरणं चालू ठेवलं. असेही भेटले, ज्यांनी २०१९ नंतर सगळं काढून पोस्टात ठेवलं होतं आणि फक्त लॉकरसाठी खातं चालू होतं. त्यांच्यातही काहींना विमा माहीत होता, काहींना नव्हता.

या टप्प्यावर घरी बसून फॉर्म भरून टाकायचा सल्ला मला एकाहून अधिक लोकांनी दिला. मनापासून दिला, माझी ओढाताण पाहून दिला. शिवाय तयार प्रबंध विकणारी दुकानंही असतात, झेरॉक्सच्या गल्लीत चौकशी केली की पत्ता मिळतो. मला याचा राग येतो आणि तो लपवायचा नाही. बनावट फॉर्म सहज ओळखू येतात. त्यांत कुणी प्रश्न सोडत नाही, कुणी दोन पर्यायांच्या मधे खूण करत नाही, कुणी समासात ‘मुलाला विचारून सांगतो’ असं लिहीत नाही. सगळी उत्तरं एकमेकांशी इतकी जुळतात की अल्फा ०.९५ च्याही पुढे जातो आणि विद्यार्थी त्याचाच अभिमान बाळगतो. पण ओळखू येवो न येवो, ज्या भाजीवालीने ओल्या हातांनी काम थांबवून मला वेळ दिला, तिच्या शेजारच्या ओळीत मी काल्पनिक माणूस बसवू शकत नव्हते.

विश्लेषणासाठी जामोवी हे मोफत सॉफ्टवेअर वापरलं. एसपीएसएस या विकतच्या सॉफ्टवेअरसारखंच काम होतं, परवान्याचा खर्च नाही. जाणिवेचे तीन गट केले: मर्यादा नेमकी सांगणारे, नुसतं ऐकून असलेले, आणि अजिबात न ऐकलेले. बचतीच्या हिश्श्याचेही तीन गट: पाव किंवा त्याहून कमी, पाव ते निम्मा, आणि निम्म्याहून अधिक. तीन गुणिले तीन असा तक्ता, म्हणून डिग्री ऑफ फ्रीडम (बेरजा ठरल्यावर मोकळी उरणारी घरं) चार. पाच टक्के पातळीला काय-स्क्वेअर या संबंध तपासणाऱ्या चाचणीची किंमत ९.४८८ च्या वर गेली तरच शून्य गृहीतक नाकारता येतं. चाचणी लावण्याआधी अपेक्षित वारंवारता, म्हणजे संबंध नसता तर तक्त्याच्या प्रत्येक घरात किती माणसं आली असती ती संख्या, पाहून घ्यायची असते. २० टक्क्यांहून जास्त घरांत ती पाचपेक्षा कमी असेल तर निकालावर भरवसा ठेवता येत नाही. माझ्या तक्त्यात ती अडचण नव्हती. बटण दाबलं. किंमत ९.४८८ च्या बरीच खाली. पी, म्हणजे संबंध नसतानाही एवढा फरक नुसत्या योगायोगाने दिसण्याची शक्यता, ०.०५ च्या वर.

संबंध आढळला नाही.

मी गट बदलून पुन्हा पाहावं, दोन गट एकत्र करावेत, वयाप्रमाणे फोडून पाहावं, असं सुचवणारे होतेच. एखाद्या फोडीत कुठेतरी पी ०.०५ च्या खाली सापडतोच. वीस चाचण्या लावल्या की एखादी नुसत्या योगायोगानेही ‘सिग्निफिकंट’ निघू शकते, हे आम्हाला रिसर्च मेथडॉलॉजीच्या पेपरात शिकवलेलं असतं. परीक्षेत लिहायचं आणि प्रबंधात विसरायचं, असं करायला माझी तयारी नव्हती. गट आधी ठरवले होते, सिनॉप्सिसमध्ये लिहिले होते, तेच ठेवले.

छापलेला तक्ता घेऊन मॅडमकडे गेले तेव्हा छातीत धडधड होती. त्यांनी तक्ता पाहिला, माझा मसुदा वाचला आणि लाल पेनने एकच ओळ खोडली. मी लिहिलं होतं, ‘ठेव विम्याची जाणीव आणि बचतीचा हिस्सा यांत संबंध नाही, हे सिद्ध होते.’ त्यांनी वर लिहिलं, ‘या नमुन्यात संबंध आढळला नाही.’ मग समजावून सांगितलं. शून्य गृहीतक नाकारता आलं नाही याचा अर्थ ते खरं ठरलं असा नाही. संबंध असेलही, पण इतका बारीक की एवढ्या नमुन्यात पकडता आला नाही. किंवा दोन उलट्या ओढी असतील. काही लोक विमा माहीत असल्यामुळे निर्धास्त होऊन जास्त ठेवतात, काही लोक मर्यादा माहीत असल्यामुळे वाटून ठेवतात, आणि दोन्ही मिळून तक्त्यात काहीच दिसत नाही. वहीतलं त्यांचं जुनं वाक्य मी त्यांना दाखवलं. त्या म्हणाल्या, ‘हे चर्चेच्या भागात घाल. पण शक्यता म्हणून.’

तेव्हापासून माझी भीती गेली. खरं तर चौथं प्रकरण लिहिताना मला मजा येऊ लागली, कारण आता सांगण्यासारखं काही होतं. फॉर्मच्या शेवटी मी एक मोकळा प्रश्न ठेवला होता: ‘याच बँकेत ठेव ठेवण्याचं कारण तुमच्या शब्दांत सांगा.’ ती उत्तरं वाचून त्यांचे विषयवार गट पाडले. व्याजदर होता, घराजवळची शाखा होती. पण पानापानावर माणसं होती: कॅशियर, एजंट, जुने मॅनेजर, संचालक मंडळातला गल्लीतलाच कुणीतरी. ठेव विमा हे कारण देणारे अगदीच थोडे. संख्येच्या तक्त्याने जे ‘नाही’ म्हटलं, त्याचं स्पष्टीकरण या उत्तरांत होतं, आणि ते गृहीतक सिद्ध झालं असतं तर मी कदाचित इतक्या बारकाईने वाचलंही नसतं.

माणसांवरचा हा विश्वास मला सुंदर वाटतो आणि त्याची काळजीही वाटते, दोन्ही. एजंट रोज येतो यावरून बँकेच्या कर्जखात्यांची प्रकृती कळत नाही. म्हणून शिफारशींत मी भर दिला तो माहिती योग्य जागी पोहोचवण्यावर. सप्टेंबर २०२३ पासून बँकांनी डीआयसीजीसीचं चिन्ह आणि क्यूआर कोड आपल्या वेबसाइटवर दाखवायचा आहे. चांगलं पाऊल आहे, पण माझे बहुतेक ठेवीदार बँकेच्या वेबसाइटवर जातच नाहीत. ते पासबुक उघडतात, ठेवीच्या पावतीची मागची बाजू वाचतात आणि एजंटशी बोलतात. तेव्हा पाच लाखांचा नियम पासबुकाच्या पहिल्या पानावर आणि पावतीच्या मागे ठळक गुजरातीत छापावा, आणि एजंटांना तो दोन वाक्यांत सांगता यावा, एवढंच मागितलं.

लिखाणाच्या शेवटच्या टप्प्याबद्दल थोडक्यात. युजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या वाङ्मयचौर्याच्या नियमांनुसार दुसऱ्यांच्या लिखाणाशी १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. १० ते ४० मध्ये दुरुस्त करून पुन्हा द्यावं लागतं, त्यापुढे शिक्षा वाढत जाते. योग्य श्रेय देऊन घेतलेली अवतरणं आणि संदर्भसूची त्यात मोजत नाहीत. माझं साम्य मुख्यतः ठेव विम्याच्या कायद्याच्या भाषेत आलं होतं, आणि कायद्याची कलमंही त्या मोजणीतून वगळायची असतात, हे दाखवून दिल्यावर प्रश्न मिटला. समास, पानांचे आकडे, तक्त्यांची यादी यांना जेवढा वेळ लागेल असं वाटतं त्याच्या दुप्पट धरा. हार्ड बाउंडवरची सोनेरी अक्षरं छापायला टाकण्याआधी स्वतःच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग मार्कशीटशी ताडून पाहा.

व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेले परीक्षक अनुभवी होते. त्यांनी प्रबंध मागून उघडला, थेट निष्कर्षावर. ‘म्हणजे तुमचं मुख्य गृहीतक टिकलं नाही.’ मी म्हटलं, ‘हो सर.’ ‘मग या अभ्यासातून मिळालं काय?’

मी त्यांना तक्ता दाखवला. मग मोकळ्या प्रश्नाच्या उत्तरांचे गट दाखवले. म्हटलं, ‘ठेव विमा वाढवला की लोकांचा सहकारी बँकांवरचा विश्वास वाढेल असं आपण धरून चालतो. माझ्या नमुन्यातल्या लोकांनी विम्याचा विचार करून पैसे ठेवलेले नाहीत. म्हणजे ते त्या संरक्षणाचा फायदाही आखून घेत नाहीत. पाच लाखांच्या वर असलेले एकाच बँकेत ठेवून बसतात, आणि ज्यांच्या ठेवी पूर्ण सुरक्षित आहेत तेही एखाद्या अफवेने घाबरून मोडायला धावतील.’

ते थोडा वेळ पानं चाळत राहिले. मग विचारलं, ‘पाच लाखांच्या वरचे वेगळे काढून पाहिले का? तुमच्या त्या दोन ओढी तिथे सुट्या होतील.’ माझ्या नमुन्यात तसे ठेवीदार फार थोडे होते, वेगळी चाचणी लावण्याइतके नव्हतेच. मी तेच सांगितलं, मर्यादांच्या परिच्छेदात ते लिहिलेलं पानही दाखवलं. त्यांनी मान हलवली आणि शेजारच्या परीक्षकांकडे प्रबंध सरकवला. पुढचे प्रश्न साधे होते.

निकालानंतर मॅडमनी मला बोलावून तोच धागा पुढे न्यायला सांगितलं. आता फक्त मर्यादेच्या वर ठेवी असलेले ठेवीदार घ्यायचे, आणि त्यांनी पैसे वाटून ठेवले आहेत की एकाच ठिकाणी, जोडखात्यांचा आधार घेतला आहे की नाही, एवढंच विचारायचं. असे लोक बँकेबाहेरच्या बाकावर सहज सापडत नाहीत आणि सापडले तरी आकडा सांगत नाहीत, म्हणून यावेळी ओळखीच्या सीए मंडळींमार्फत, नाव न घेता, बंद पाकिटातून फॉर्म मागवते आहे. काही पाकिटं आली आहेत. रेल्वेतल्या काकांना पहिल्याच आठवड्यात फोन केला होता. ते म्हणाले, ‘पाकीट कशाला, ये की घरी, पावत्या काढून ठेवतो.’